जहाजांचे तेल आणि सागरी कायद्याची कसोटी

जहाजांमुळे होणाऱ्या तेलप्रदूषणाचा विषय निघाला की सर्वसाधारण वाचकाला खडकावर आदळून दुभंगलेला टँकर, काळ्या तवंगात माखलेले पक्षी आणि किनाऱ्यावर फावड्याने चिखल उपसणारी माणसे आठवतात. वास्तविक विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या कालखंडात जहाजांतून समुद्रात गेलेल्या तेलाचा मुख्य वाटा अपघातांचा नव्हता; रोजच्या कामाचा भाग म्हणून, कोणताही अपघात झालेला नसताना, जाणूनबुजून समुद्रात सोडलेल्या तेलकट पाण्याचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७३ च्या स्थितीविषयी केलेल्या अंदाजानुसार तेलवाहू जहाजांच्या नेहमीच्या कामकाजातून वर्षाला सुमारे १०.८ लाख टन तेल समुद्रात जात होते, तर जहाजांच्या सर्व अपघातांतून मिळून सुमारे ३ लाख टन. त्यामुळे या क्षेत्रातील कायदे कितपत परिणामकारक ठरले, याचा शोध घेताना गाजलेल्या अपघातांबरोबरच कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या या नित्याच्या प्रदूषणाचाही हिशेब मांडावा लागतो.

हे नित्याचे प्रदूषण कसे घडत असे, हे आधी समजून घ्यायला हवे. टँकरने कच्चे तेल उतरवले तरी टाक्यांच्या भिंतींना आणि तळाला घट्ट तेलाचा थर चिकटून राहतो आणि मोठ्या टँकरमध्ये हे उरलेले तेल काहीशे टन भरू शकते. रिकामे जहाज पाण्यावर फार उचलले जाते, त्याचा पंखा पुरेसा बुडत नाही आणि वादळात ते सावरणे अवघड होते. म्हणून परतीच्या प्रवासात वजनासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी हे पाणी तेलाच्याच टाक्यांत भरले जाई, त्यात चिकटलेले तेल मिसळे आणि पुढचा माल भरण्याआधी टाक्या धुऊन ते सारे मिश्रण समुद्रात ओतले जाई. याखेरीज, टँकर असो वा मालवाहू जहाज, प्रत्येक जहाजाच्या इंजिनघरात तळाशी तेल, वंगण आणि पाणी यांचे मिश्रण साचत राहते. या तळच्या भागाला बिल्ज म्हणतात आणि तिथले तेलकट पाणीही समुद्रातच सोडण्याचा प्रघात होता.

या प्रघाताला आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये लंडन येथे पहिला व्यापक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १९५८ मध्ये अमलात आला. तेल टाकण्यावर त्याने सरसकट बंदी घातली नाही. किनाऱ्यापासून साधारणपणे ५० सागरी मैलांच्या आत पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे १०० भागांहून अधिक प्रमाण असलेले मिश्रण सोडू नये, एवढेच बंधन घातले. पुढे १९६९ च्या दुरुस्त्यांनी टँकरसाठी दर सागरी मैलामागे ६० लिटर आणि एका फेरीत एकूण मालाच्या १५,००० व्या भागाइतकी कमाल मर्यादा ठरवली. मात्र या दुरुस्त्या अमलात यायलाच १९७८ उजाडले. कागदावर ही कलमे नेमकी आणि शास्त्रशुद्ध दिसत होती, पण त्यांचा भंग सिद्ध करणे म्हणजे पाण्यात विरघळलेले मीठ नंतर तोलायला बसण्यासारखे होते. रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर एखाद्या जहाजाने मैलामागे ६० लिटर सोडले की ६००, हे पाहणारे तिथे कोणी नसे. तवंग सापडला तरी तो कोणत्या जहाजाचा हे ठरवता येत नसे. आणि जहाज ओळखले गेले तरी खुल्या समुद्रातील गुन्ह्याबद्दल खटला भरण्याचा अधिकार केवळ त्या जहाजावर ज्या देशाचा ध्वज असेल त्या देशाला होता. जहाजांची नोंदणी अशा देशांत करण्याची प्रथा तोवर रूढ झाली होती, जिथे कर कमी आणि देखरेख शिथिल असे. या ‘सोयीच्या ध्वजां’च्या देशांना दूरच्या किनाऱ्यावर पसरलेल्या तेलासाठी आपल्याच ग्राहकाला शिक्षा करण्यात काडीचाही रस नव्हता.

१८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यालगत सेव्हन स्टोन्स या खडकांवर ‘टॉरी कॅन्यन’ हा लायबेरियाचा ध्वज असलेला टँकर आदळला आणि त्यातले सुमारे १,१९,००० टन कुवेती कच्चे तेल समुद्रात गेले. ते जाळून टाकण्यासाठी ब्रिटिश सरकारने अखेर विमानांतून बॉम्ब टाकले, तरीही ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांचे किनारे माखले. आपल्या हद्दीबाहेर अडकलेल्या परदेशी जहाजावर किनारी देशाने काय करावे आणि नुकसान कोणाकडून वसूल करावे, या प्रश्नांना तेव्हाच्या कायद्यात धड उत्तर नव्हते. या धक्क्यातून १९६९ मध्ये किनारी देशांना हस्तक्षेपाचा अधिकार देणारा करार आणि जहाजमालकाची नागरी जबाबदारी ठरवणारा करार असे दोन करार झाले, आणि १९७३ मध्ये जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाचा प्रतिबंध करणारा व्यापक करार तयार झाला. १९७८ च्या पूरक मसुद्यासह तो ‘मार्पोल’ या नावाने ओळखला जातो आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून अमलात आहे. भारत त्यात १९८६ मध्ये सामील झाला.

किती तेल सोडावे याच्या मर्यादा मार्पोलमध्येही राहिल्या, परंतु त्याचा खरा जोर जहाजाच्या बांधणीवर होता. ठरावीक आकारापुढील नव्या टँकरमध्ये बॅलास्टसाठी स्वतंत्र टाक्या आणि स्वतंत्र नळ असलेच पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. म्हणजे तेल आणि बॅलास्टचे पाणी एकत्र येण्याचा प्रसंगच उरू नये. १९७३ मध्ये ही अट ७०,००० टनांपुढील टँकरसाठी होती, १९७८ मध्ये कच्चे तेल वाहणाऱ्या नव्या टँकरसाठी ती २०,००० टनांवर आणली गेली. जुन्या मोठ्या टँकरना स्वतंत्र टाक्यांऐवजी ‘कच्च्या तेलाने धुलाई’ करण्याची यंत्रणा बसवण्याची मुभा मिळाली. या पद्धतीत टाक्यांच्या भिंतींवर पाण्याऐवजी कच्च्या तेलाचेच जोरदार फवारे मारतात, त्यामुळे चिकटलेला थर विरघळून बंदरातच मालासोबत उतरवला जातो.

या बदलाचे महत्त्व अमेरिकी अभ्यासक रोनाल्ड मिचेल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात बारकाईने उलगडून दाखवले आहे. तेलाने धुलाई करण्यात मालकाचा फायदा होता, कारण जे तेल समुद्रात जात होते ते आता विकता येत होते; १९७३ नंतर तेलाचे भाव भडकल्यावर तर हा लाभ फारच मोठा झाला. त्यामुळे ती यंत्रणा बसली याचे सगळे श्रेय कायद्याला देता येत नाही. स्वतंत्र बॅलास्ट टाक्यांची गोष्ट मात्र उलटी होती. त्यांमुळे बांधणीचा खर्च वाढत होता, माल भरण्याची जागा कमी होत होती आणि मालकाच्या पदरात काहीच पडत नव्हते. असे असूनही १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ज्या टँकरना त्या बंधनकारक होत्या, त्यांतील जवळपास सर्वांमध्ये त्या बसवलेल्या आढळल्या. पैशाचे गणित विरुद्ध दिशेला ओढत असताना वर्तन कायद्याच्या दिशेने वळले, आणि कायदा परिणामकारक ठरल्याचा याहून बळकट पुरावा मिळणे कठीण आहे.

हे का साधले, याचे कारण अंमलबजावणीच्या जागेत आहे. तेल सोडण्याचा निर्णय भर समुद्रात एखाद-दुसरा माणूस घेतो. जहाज बांधण्याचा निर्णय अनेकांच्या हातांतून जातो. गोदी आराखडा काढते, जहाजांचा दर्जा ठरवणारी वर्गीकरण संस्था तो तपासते, विमा कंपनी त्या दर्जावर विसंबून विमा देते, ध्वजदेश प्रमाणपत्र देतो आणि प्रत्येक बंदरात तिथले अधिकारी ते प्रमाणपत्र मागू शकतात. टाकी आहे की नाही, हे दिवसाढवळ्या, जहाज धक्क्याला लागलेले असताना पाहता येते. नियमबाह्य जहाजाला बंदरात अडकवून ठेवण्याचा अधिकार मार्पोलने बंदरदेशांना दिला आणि रोज हजारो डॉलर भाड्याने फिरणाऱ्या जहाजासाठी चार दिवसांचा खोळंबा हा न्यायालयाच्या दंडापेक्षाही अधिक झोंबणारा असतो.

अपघातांच्या बाबतीतही हेच तत्त्व पुढे लागू झाले. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ हा टँकर खडकावर चढला आणि सुमारे ३७,००० टन तेल सांडले. अमेरिकेने १९९० च्या तेलप्रदूषण कायद्याने आपल्या बंदरांत येणाऱ्या टँकरना दुहेरी कवच, म्हणजे बाहेरचा पत्रा आणि तेलाची टाकी यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवणारी दोन थरांची बांधणी, टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. १९९२ मध्ये मार्पोलमध्येही तशी दुरुस्ती झाली. १९९९ मध्ये फ्रान्सजवळ ‘एरिका’ आणि २००२ मध्ये स्पेनजवळ ‘प्रेस्टिज’ ही जुनी एकेरी कवचाची जहाजे मोडल्यावर अशा जहाजांना निवृत्त करण्याचे वेळापत्रक आणखी आवळण्यात आले.

या सर्वांचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. टँकरमालकांच्या प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदींनुसार १९७० च्या दशकात ७०० टनांहून मोठी तेलगळती वर्षाला सरासरी २४ ते २५ वेळा होत असे. २०१० च्या दशकात ही सरासरी दोनच्याही खाली आली. त्या दशकात टँकर-अपघातांतून सांडलेले एकूण तेल सुमारे १,६४,००० टन होते, तर १९७० च्या दशकात ते ३० लाख टनांच्या वर होते. टँकरच्या नेहमीच्या कामकाजातून जाणारे तेलही १९८९ च्या सुमारास १.६ लाख टनांपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. उपग्रहाधारित दिशादर्शन, गजबजलेल्या सामुद्रधुन्यांत जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी वेगळे केलेले मार्ग आणि सुधारलेले प्रशिक्षण यांचाही या घटीत वाटा आहेच. तरीही समुद्रमार्गे होणारा तेलव्यापार वाढत असताना गळती इतकी घटणे, हे कायद्याने जहाजाची घडणच बदलल्याशिवाय शक्य नव्हते.

जिथे बांधणीची सक्ती पुरेशी ठरत नाही तिथे मात्र जुना आजार कायम आहे. इंजिनघरातील तेलकट पाणी गाळणीयंत्रातून काढून, त्यातील तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांहून कमी झाल्यावरच बाहेर सोडावे, असा मार्पोलचा नियम आहे आणि ते प्रमाण ओलांडताच प्रवाह आपोआप थांबवणारी यंत्रणाही मोठ्या जहाजांवर असते. पण गाळणी सांभाळायला वेळ लागतो, तिचे भाग महाग असतात आणि उरलेला गाळ बंदरात उतरवायला पैसे मोजावे लागतात. म्हणून काही जहाजांवर गाळणीला वळसा घालणारा, काढता-घालता येणारा नळ जोडून पाणी थेट समुद्रात सोडले जाते. खलाश्यांच्या जगात या नळाला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर २०१३ मध्ये असा प्रकार चालल्याचे नव्याने रुजू झालेल्या एका अभियंत्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवले आणि या प्रकरणात प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेत गुन्हा मान्य करून ४ कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले.

अशी प्रकरणे उघडकीला येण्यामागची कायदेशीर युक्ती मुद्दाम पाहण्याजोगी आहे. मार्पोलनुसार प्रत्येक मोठ्या जहाजावर तेलाची नोंदवही ठेवावी लागते. तेलकट पाण्याची प्रत्येक हालचाल तिच्यात तारीख, ठिकाण आणि परिमाणासह लिहून संबंधित अधिकाऱ्याने सही करायची आणि प्रत्येक पूर्ण पानावर कप्तानाने सही करायची. बंदरात चढलेला अनुभवी निरीक्षक ही वही उघडतो, गाळाच्या टाकीत मोजपट्टी सोडून प्रत्यक्ष पातळी नोंदीशी ताडून पाहतो, इंजिनघरात उतरून नळांच्या जोडांवर ताजा रंग, ओरखडलेले बोल्ट किंवा नुकताच उघडल्याच्या खुणा शोधतो आणि जोड सोडवून आत बोट फिरवतो. ज्या नळातून केवळ स्वच्छ पाणी जायला हवे त्यात काळा चिकटा हाताला लागला, की वही खोटी ठरते. खुल्या समुद्रात तेल सोडण्याच्या कृत्यावर अमेरिकेला सहसा अधिकार चालवता येत नाही, परंतु खोटी वही अमेरिकी बंदरात सादर करणे हा अमेरिकेच्याच हद्दीत घडलेला गुन्हा असतो. शिवाय तिथल्या कायद्यानुसार माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम बक्षीस म्हणून मिळू शकते. त्यामुळे इंजिनघरातला सर्वांत कनिष्ठ कामगारही मालकाच्या दडपणाला तोंड देऊ शकतो. समुद्रात पकडता न येणारा गुन्हा बंदरात तपासता येईल अशा रूपात आणणे, हेच या यशाचेही मर्म आहे.

एकट्या देशाने बंदरात कडक तपासणी केली तर जहाजे शेजारच्या बंदराकडे वळतात, म्हणून १९८२ मध्ये युरोपातील १४ देशांच्या सागरी प्रशासनांनी पॅरिस समझोता करून तपासणी समान पायावर आणली. हिंदी महासागरातील देशांचा असाच समझोता १९९८ मध्ये झाला असून भारत त्याचा सदस्य आहे. तपासणीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेलकट पाणी आणि गाळ उतरवून घेण्याची बंदरातील सोय. बाल्टिक समुद्रालगतच्या देशांनी त्यासाठी वेगळे शुल्क न आकारता ते बंदरशुल्कातच धरण्याची पद्धत स्वीकारली, म्हणजे घाण समुद्रात टाकून पैसे वाचवण्याचा मोहच उरू नये, आणि तिला विमानांतून गस्तीची जोड दिली. १९८९ मध्ये तिथे तेलगळतीच्या ७६३ घटना दिसल्या होत्या. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हा आकडा शंभराच्या आसपास आणि त्याखाली आला. याच्या अगदी उलट उदाहरण तांबड्या समुद्राचे आहे. १९७३ मध्येच मार्पोलने भूमध्य, बाल्टिक, काळा समुद्र, पर्शियन आखात यांच्यासोबत तांबड्या समुद्रालाही विशेष क्षेत्राचा दर्जा दिला. परंतु किनारी देशांनी बंदरांत स्वीकाराची सोय पुरेशी केल्याखेरीज विशेष निर्बंध लागू होत नाहीत, आणि ही अट पुरी होऊन ते प्रत्यक्ष लागू व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडला. कायदा संमत होणे आणि लागू होणे यांत अर्धशतकाचे अंतर पडले, ते केवळ बंदरातील टाक्यांअभावी.

अरबी समुद्राच्या किनाऱ्याला या अपुरेपणाची किंमत दरवर्षी मोजावी लागते. नैऋत्येचे वारे सुरू झाले की गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांवर डांबरासारखे काळे गोळे वाहून येतात. तेलातील हलका भाग उडून गेल्यावर उरलेला जड भाग वाळू-कचऱ्यासह गोळा होऊन ते बनतात, मच्छीमारांच्या जाळ्यांना चिकटतात आणि चालणाऱ्यांच्या तळपायांना लागतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले तेव्हा ऑगस्ट २०१० मध्ये गोव्यात आलेल्या गोळ्यांचा संबंध टँकरच्या टाक्या धुऊन टाकलेल्या तेलाशी जुळला, तर अन्य काही नमुन्यांचे नाते बॉम्बे हाय या सागरी तेलक्षेत्राच्या तेलाशी दिसले. अशा ठशांचा संग्रह तयार ठेवला तर संशयित जहाजाच्या टाकीतील नमुन्याशी किनाऱ्यावरचा गोळा ताडून पाहता येतो, म्हणजेच किनाऱ्याकडेही पुरावा उभा करण्याचे साधन येते.

भरपाईच्या कायद्यांची कहाणी थोडी निराळी आहे. टँकरमधून मालाचे तेल सांडले, तर जहाजमालकाची चूक सिद्ध न करताही तो ठरावीक मर्यादेपर्यंत जबाबदार असतो; त्याहून अधिक नुकसान झाल्यास तेल आयात करणाऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय निधीतून रक्कम मिळते, आणि भारत या निधीच्या मोठ्या वर्गणीदारांपैकी आहे. हे छत्र टँकरपुरते आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि उरण-अलिबागपर्यंतच्या खारफुटीला झळ बसली; यांतील एकही जहाज टँकर नव्हते, सांडले ते इंजिनाचे इंधन. इंधनतेलाच्या गळतीसाठी मालकाला विमा बंधनकारक करणारा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला, परंतु त्यात सामील होण्यास भारताच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०१५ मध्ये. या करारामागे अतिरिक्त निधी नसल्याने जहाजाच्या आकारावरून ठरणाऱ्या मर्यादेपलीकडचे नुकसान सोसावे लागते ते किनाऱ्याला. मराठी भाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या मॉरिशसला २०२० मध्ये हाच अनुभव आला: ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळखडकावर चढून सुमारे १,००० टन इंधन सांडले आणि रहिवाशांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध स्वतःच्या हातांनी शिवले.

सध्या या सगळ्या व्यवस्थेपुढे नवे आव्हान उभे आहे. २०२२ नंतर तेलविक्रीवरील आर्थिक निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या जुन्या टँकरचा मोठा ताफा तयार झाला आहे. ही जहाजे वरचेवर ध्वज बदलतात, ठिकाण सांगणारी यंत्रणा बंद ठेवतात आणि त्यांचा विमा संशयास्पद असतो. मार्पोलचे यश ज्या साखळीवर उभे आहे, त्या वर्गीकरण संस्था, विमा कंपन्या आणि बंदर-तपासणी यांनाच हा ताफा बगल देतो. कलमे बदललेली नसतानाही अशी जहाजे कायद्याच्या बाहेर जगू शकतात, आणि यातली कित्येक अरबी समुद्रातूनच ये-जा करतात.

सत्तर वर्षांच्या या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. समुद्रातील माणसाच्या सद्‌बुद्धीवर विसंबलेला नियम निष्प्रभ ठरतो. जहाजाच्या पोलादात, बंदराच्या टाकीत आणि विम्याच्या कागदात उतरलेला नियम टिकतो. संसदेने २०२५ मध्ये १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे; पण त्याची कसोटी कलमांच्या भाषेत लागणार नाही. प्रत्येक मोठ्या बंदरात तेलकट गाळ विनाअडथळा उतरवून घेणारी सोय, नोंदवही वाचता येणारे आणि नळाचा जोड सोडवून पाहणारे पुरेसे निरीक्षक, तक्रार करणाऱ्या खलाश्याला संरक्षण आणि बक्षीस, व तेलाच्या ठशांचा न्यायालयात टिकेल असा संग्रह या चार गोष्टींवर पश्चिम किनाऱ्याची स्वच्छता अवलंबून आहे. यांतील एकही गोष्ट भारताच्या आवाक्याबाहेरची नाही, आणि यांपैकी एकीसाठीही नव्या आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही.